कान तोडलेली कॅसेट

माझी सनई लाकडाची नव्हती, आकड्यांची होती. हे मी आजही छाती फुगवून सांगते, आणि समोरच्याला कळलं नाही तर पुन्हा सांगते. पनवेलमध्ये त्या काळी कीबोर्ड वाजवणारे चार-पाच जण असतील. त्यातली बाई मी एकटी. आणि त्या पेटीत आधीपासून भरलेले आवाज न वाजवता स्वतःचा आवाज घडवून वाजवणारीही मी एकटीच. बाकीचे बटण दाबायचे आणि वाजवायचे. ठीक आहे, त्यातही हात लागतोच, नाही म्हणत नाही.

कीबोर्ड आमचा नव्हता. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या चाचीचा नवरा आखातात बंदरावर क्रेन चालवायचा. एका सुट्टीत त्याने तो आपल्या मुलासाठी आणला. मुलाने दोन दिवस बडवला आणि तिसऱ्या दिवशी क्रिकेटला निघून गेला. मी शाळेत असल्यापासून भजनाच्या पेटीवर बोटं चालवायचे, हे चाचाला माहीत होतं. त्याने खोक्यासकट कीबोर्ड आमच्या घरी आणून आईच्या शिलाई मशीनशेजारी ठेवला आणि म्हणाला, "पडून सडण्यापेक्षा पोरीने वाजवला तर बरं. पण नीट शीक हां बेटा. मी दुकानदाराला सोडलं नाही, एकेक बटण विचारून आलोय."

आणि खरंच विचारून आला होता. त्या पेटीला सहा जाड सेल लागायचे. विजेवर चालवायचा वेगळा डबा होता, त्याला आम्ही एलिमिनेटर म्हणायचो. पण आमच्याकडची वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, म्हणून सेल आत असायलाच हवेत. पेटीची आठवण त्या सेलवर जिवंत असते, हे चाचाने मला तीनदा बजावलं. शिवाय मागच्या बाजूला टेपरेकॉर्डरची वायर लावायला भोकं होती. वायर लावायची, टेपवर रेकॉर्ड दाबायचं, पेटीवर सेव्ह दाबायचं. मग पेटीतलं सगळं, म्हणजे तुम्ही घडवलेले आवाज आणि बसवलेली चाल, कॅसेटवर उतरायचं. गाणं म्हणून नाही हां. नुसतं किर्र. उद्या पेटी कोरी झाली तरी ते किर्र तिला परत ऐकवलं की तिला सगळं आठवणार. "आवाज ऐकून घाबरू नको," चाचा म्हणाला, "टेप बिघडला असं वाटतं, पण तीच त्याची बोली आहे." त्याने आपला टेप आमच्याकडे आणून मला एकदा करूनही दाखवलं. पाऊण मिनिट ते किरकिरणं ऐकून आई मशीनवरून ओरडली, "काय गो, मिक्सर लावलास काय?"

बारावीनंतर मी एका बेंजो पार्टीत वाजवायला लागले. आमच्याकडे हळदीला बेंजो पार्टी नसेल तर ती हळदच नाही. पार्टीचे मास्तर स्वतः बेंजो वाजवायचे. मला त्यांनी कोपऱ्यात बसवलं होतं, फिल्मी गाण्यांच्या मागे सूर धरायला. मला कुणाच्या मागे राहायची सवय नाही. एक दिवस मी सांगून टाकलं, "मास्तर, माझी स्वतःची चाल बसवते. आवडली तर हळदीची सुरुवात तिनेच करायची. आणि माइकवर सांगायचं की चाल हिची आहे." मास्तर हसले. म्हणाले, "बसव तर खरी. बेलपाड्याची हळद तुळशीच्या लग्नानंतर पहिलीच आहे. तोवर तयार असेल तर वाजवू."

मी सात महिने त्या चालीच्या मागे होते. चाल तर महिन्यात बसली, पण मला तिच्यासाठी सनई पाहिजे होती. पेटीत सनई नव्हती. पेटीत होते ते सगळे परदेशी आवाज. पण आवाज घडवायची सोय होती. एकेका आवाजाला पन्नासएक आकडे. हा आकडा वाढवला की सूर उशिरा उठतो, तो कमी केला की लवकर मरतो, तिसरा हलवला की नाकात बोलतो. मी रोज दुपारी आकडे फिरवत बसायचे आणि आई मशीन चालवता चालवता निकाल द्यायची. आईच्या माहेरी, उरणकडच्या गावात, एक सनईवाला होता. त्याची सनई आईच्या कानात बसलेली. तिला सा रे ग म येत नव्हतं, पण कान काय होता! "नाय गो, ही कुत्र्यावानी केकाटते." "नाय, ही सर्दी झालेली हाय." "हां, आता जरा माणसात आली." आणि एके दुपारी मशीनवरचा तिचा पाय थांबला. "हीच," ती म्हणाली. "ती आधी रडायची नि मग हसायची. हीच ती." बस! मला त्या दिवशी कुणी राणी म्हणालं असतं तरी मी मागे वळून बघितलं नसतं.

पेटीबरोबर एक छापील तक्ता आला होता. घडवलेल्या आवाजाचे आकडे त्यात लिहून ठेवा, असं त्यावर होतं. मी काही लिहिलं नाही. कशाला लिहायचं? माझ्या डोक्यात होतं ना सगळं! इतका माज बरा नव्हे, हे आता म्हणते.

कॅसेटवर मात्र उतरवलं. आमच्याकडे टेप नव्हता, चाचीकडे होता. नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी मी पेटी उचलून चाचीकडे गेले, वायर लावली आणि किर्र करून घेतलं. कॅसेट कोरी होती, चाचाने आणलेल्या गठ्ठ्यातली, निळ्या पट्टीची. चाचीला लिहिता-वाचता फारसं यायचं नाही, म्हणून ती चाचाला पत्र पाठवायची ते कॅसेटवर बोलून. कुणी आखाताकडे निघालं की त्याच्या हाती कॅसेट द्यायची. चाचा ती ऐकायचा, त्याच कॅसेटवर आपलं बोलणं भरायचा आणि येणाऱ्याच्या हाती परत पाठवायचा. म्हणजे तिचं बोलणं पुसून त्याचं, त्याचं पुसून तिचं. वर्षानुवर्षं असं चाललेलं. त्या दिवशीही चाचीची बोलून झालेली कॅसेट टेपशेजारीच पडली होती. तीही निळ्या पट्टीचीच. मी माझी काढून तिच्याशेजारी ठेवली. चाचीने शेवयांची खीर दिली, ती खाल्ली, गप्पा मारल्या, आणि कॅसेट उचलून घरी आले.

नवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. आईचं शिलाई मशीन, कात्र्या, विळी, इस्त्री, सगळं घासून-पुसून पाटावर मांडायचं, हळद-कुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची. मी सकाळी मास्तरांकडे तारखा विचारायला गेले होते. आले तर माझी पेटीही पाटावर. काळी कुळकुळीत पुसलेली, वर झेंडूचा हार, आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या कडेला पाच बोटं कुंकू. मला इतकं छान वाटलं! आईने माझ्या पेटीला तिच्या मशीनच्या बरोबरीने बसवलं होतं.

मग मी गॅलरीत बघितलं. कठड्यावर ओळीने सहा सेल उन्हात ठेवलेले.

"आई! हे काय केलंस?"

"सेल थंड पडलेले गो. दाबून बघितले. जरा उन्हात ठेवले, चढतात ना उन्हानं. आणि ती विजेची वायरपण काढली. पूजेला वायर कशाला?"

आमच्याकडे टॉर्चचे, रेडिओचे सेल सगळे असेच उन्हात ठेवायचे. दोन दिवस जास्त चालतात. त्यात आईची काय चूक? पण तेव्हा मला ते कुठलं सुचतंय! मी सेल घातले, पेटी चालू केली. सगळे आकडे भलतेच. सनईच्या जागी नुसती खरखर. चालीच्या जागी काहीच नाही. मी आईला नाही नाही ते बोलले. सणाच्या दिवशी. "तुला काय कळतं त्यातलं, कशाला हात लावतेस?" असं म्हणाले. ज्या बाईच्या कानावर ती सनई घडली तिला मी हे म्हणाले. तिने हार सरळ केला आणि स्वयंपाकघरात गेली.

पण माझ्याकडे कॅसेट होती ना! मी तणतणत पेटी घेऊन चाचीकडे गेले, वायर लावली, टेप चालू केला आणि पेटीवर लोड दाबलं. पेटी एरर दाखवायला लागली. म्हणून वायर उपटून कॅसेट नुसती ऐकली. टेपमधून चाचीचा आवाज आला, "सलाम आलेकुम. इथं सगळं ठीक हाय. तुम्ही तब्येतीला जपा. आणि ऐका, शेजारची पोर तुमची पेटी वाजवते ना, सगळी गल्ली दारात येऊन उभी राहते..."

मी पटकन बंद केलं. चाची माझ्याकडे, मी चाचीकडे.

"या अल्ला!" चाची म्हणाली. "मग मी कुठली पाठवली?"

तिची कॅसेट तिसऱ्या माळेलाच एका ओळखीच्या माणसाबरोबर विमानात बसून गेली होती. म्हणजे माझी. माझी सनई आखातात आणि चाचीची खुशाली आमच्या घरी. चाची हसायला लागली, मग माझा चेहरा बघून थांबली. कारण पुढचं आम्हाला दोघींनाही कळत होतं. चाचा कॅसेट लावणार, त्याला बायकोच्या आवाजाऐवजी किर्र ऐकू येणार, आणि मग रीतीप्रमाणे तो त्याच कॅसेटवर आपलं बोलणं भरणार. माझी सनई पुसून. आणि जगात तिची दुसरी प्रत नव्हती.

फोन लावायची सोय नव्हती, चाचा कामगारांच्या खोल्यांत राहायचा. मी त्याच दिवशी पत्र लिहिलं, "चाचा, ती कॅसेट पुसू नका." पत्र पोचायला पंधरा दिवस तरी लागणार. तोवर कॅसेटचं काय व्हायचं ते होऊन गेलेलं असणार.

मग मी पुन्हा सनई घडवायला बसले. डोक्यात सगळं होतं म्हणे! बारा-पंधरा आकडे आठवले, बाकीचे कुठे गेले देव जाणे. एकदा मांजर झालं. एकदा एस.टी.चा हॉर्न झाला. एकदा बरंच जवळ आलं असं वाटलं, म्हणून मी मशीनकडे बघितलं. आई सुई ओवत होती. नवमीपासून ती माझ्या वाजवण्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. मी विचारलं, "कशी आहे?" ती म्हणाली, "मला काय कळतं त्यातलं?" टोमणा नव्हता हो तो. ती खरंच तसं मानायला लागली होती. चपराक बसल्यासारखं झालं मला. पेटीची आठवण गेली ती गेली, माझा कानही मी माझ्या हाताने घालवला होता.

तुळशीचं लग्न झालं. मास्तरांनी विचारलं. मी खरं काय ते सांगितलं. "असू दे," ते म्हणाले. "सुरुवातीला फिल्मी लावू. लोकांना काय फरक पडतो?" वाईट बोलले नाहीत ते. पण त्या 'काय फरक पडतो'ने मला दोन घास गेले नाहीत. मला फरक पडत होता. पन्नास आकड्यांतला एक हलला तरी मला फरक पडत होता.

बेलपाड्याची हळद चार दिवसांवर आली असताना चाचीने भिंतीवर थाप मारली. आमच्यात बोलावायची तीच पद्धत. मी धावले. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर कंटेनरच्या गाड्यांत अडकून, घामाने निथळत एक माणूस पिशवी देऊन गेला होता. पिशवीत खजूर, साबणाच्या वड्या, आणि दोन कॅसेटी. दोन! एकाच कॅसेटवर आयुष्य काढलेल्या माणसाने या वेळी दोन पाठवल्या होत्या.

एक नवी होती. आधी ती लावली. चाचाचा आवाज: "बेगम, सलाम. तुमची कॅसेट लावली. खोलीत आम्ही आठ जण, सगळे बसलो ऐकायला. पाहतो तर तुम्ही एक शब्द नाही बोललात, नुसती शिट्टी! हे सगळे मला चिडवतात, म्हणतात, भाभी रागावली वाटतं." चाचीने पदर तोंडावर घेतला. मागे कुणीतरी हसत होतं. मग चाचा पुढे म्हणाला, "पण मी ओळखलं. हे पेटीचं बोलणं हाय. मी यांना सांगितलं, हे आमच्या शेजारच्या पोरीचं गाणं हाय. आता ते आपल्याला नाय समजत, पेटीला समजतं. हे मानायलाच तयार नाहीत. रोज कुणीतरी म्हणतो, लाव रे तुझ्या पोरीचं गाणं, आणि आम्ही ते किर्र ऐकतो नि हसतो. बेटा, तू ऐकत असशील तर सांगतो, इथं कॅसेटी सगळ्यांच्या सारख्याच असतात. चुकून कुणी भरू नये म्हणून मी तुझ्या कॅसेटचे कान तोडलेत."

मी दुसरी कॅसेट हातात घेतली. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन टोकांना दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की टेपवर रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही, म्हणजे आतलं पुसलं जाऊच शकत नाही. दोन्ही पट्ट्या मोडलेल्या होत्या. माझं पत्र तर त्याला त्यानंतर मिळालं असणार. त्याने न सांगता जपलं होतं.

पेटी आणायला मी घरी गेले. आई मशीनवर होती. मी म्हटलं, "आई, चल." "मी कशाला?" "चल गं, मला कळत नाही त्यातलं. तूच सांगायचं." ती उठली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पेटीचं एक टोक तिने उचललं.

पहिल्यांदा लोड केलं तर पेटीने पुन्हा एरर दाखवलं. चाचीने टेपचा आवाज जरा वाढवला. दुसऱ्यांदा किर्र सुरू झालं. पाऊण मिनिट. तिघीही त्या किरकिरण्याकडे कान लावून बसलो होतो, कुणाच्या घरी पाळणा हलायच्या आधी बायका बसतात तशा. किर्र थांबलं. पेटीच्या छोट्या खिडकीत लाल अक्षरं उमटली, गुड.

मी एक सूर धरला. तो आधी रडला. मग हसला.

"हीच," आई म्हणाली.

त्याच बैठकीत मी आणखी दोन कॅसेटींवर उतरवून घेतलं. त्यांचे कान आईने स्वतः मोडले, कात्रीच्या टोकाने, कट कट. आणि मी तो छापील तक्ता काढून पन्नासच्या पन्नास आकडे शाईने लिहिले. माज गेला नाही माझा, पण कागदावर आला.

बेलपाड्याला मांडव माणसांनी गच्च होता. मास्तरांनी शब्द पाळला. माइकवर म्हणाले, "पहिली चाल आमच्या कीबोर्डवाल्या ताईची हाय. बनवलेलीपण तिनंच." आणि बेंजो खाली ठेवून ते गप्प बसले, माझ्यासाठी. सनई निघाली तशा नवरदेवाला हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले. एक म्हातारी उठून मांडवाबाहेर बघून आली, सनईवाला कुठे बसलाय ते. परत येऊन म्हणाली, "भायेर कोनच नाय!" अख्खा मांडव हसला. मी हसले नाही, मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं. म्हातारी माझ्या पेटीच्या मागे वाकून बघून गेली, सनईवाला तिथे तरी आहे का म्हणून.

पण खरी पावती मला नंतर मिळाली. मी चाचीच्या टेपवर ती चाल नीट रेकॉर्ड केली. किर्र नाही, खरीखुरी सनई. ती कॅसेट चाचाला पाठवली. महिन्या-दीड महिन्याने उत्तर आलं. चाचीच्या खोलीत आई, चाची आणि मी ऐकायला बसलो. चाचा नुसतं म्हणाला, "बेटा, हे ऐक." त्याने कुणाचा तरी दुसरा टेप मागून आणला होता. एकावर माझी चाल लावली आणि दुसऱ्यावर सगळी खोली भरून घेतली. माझी सनई दूरवरून, बारीक ऐकू येत होती. आधी कुणीतरी खोकलं, भांडं वाजलं, मग तेही थांबलं. चाल संपली. कॅसेट नुसती फिरत राहिली. आठ माणसं एका खोलीत आणि कुणी बोलेना. मग एक आवाज आला, चाचाचा नव्हे, ओळखीचा नव्हे.

"परत लाव रे."

चाचीने डोळे पुसले आणि टेप बंद करायला हात पुढे केला. आईने तो हात धरला. पेटी पलीकडे भिंतीआड माझ्या घरात होती, मी होते, हवी तेवढी सनई मी तिला त्या क्षणी वाजवून दाखवली असती. पण तिला ती तिथून आलेलीच ऐकायची होती.

"परत लाव गो," आई म्हणाली.